विमानाच्या मालकीणबाई झोपल्या आहेत

त्या शनिवारी ठमीचा बाबा घरातून निघाला तो ठमीसाठी गाडीत बसवायची खुर्ची आणायला. खुर्ची जुनी होती, पण चांगल्या घरातली होती. गावाबाहेर दातांचे एक निवृत्त डॉक्टर राहायचे. त्यांची नात आता मोठी झाली होती आणि खुर्ची गॅरेजमध्ये धूळ खात पडली होती. निघताना ठमीच्या आईनं बजावलं, "पट्टे ओढून बघ. सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा आहे का बघ. आणि येताना दुसरं काही घेऊन येऊ नकोस."

पहिल्या दोन सूचना त्यानं अगदी चोख पाळल्या.

"खुर्ची मिळाली," परत आल्यावर तो म्हणाला. मग बुटांच्या नाड्या सोडवण्यात नको तेवढा वेळ घालवून, मान वर न करताच म्हणाला, "आणि एक विमान."

ठमीच्या आईला वाटलं, खेळण्यातलं. "ठेवणार कुठं? आधीच खेळण्यांवरून घसरून कुणाचा तरी पाय मोडायची वेळ आली आहे," ती म्हणाली. "सेलवर चालतं का?"

"पेट्रोलवर," तो म्हणाला.

त्याला विमान चालवता येत होतं, हे इथं सांगायला हवं. गेलं वर्षभर तो दर शनिवारी सकाळी फ्लाइंग क्लबात जात होता आणि परीक्षा देऊन त्यानं लायसन्सही मिळवलं होतं. ठमीच्या आईनं ते वर्ष एकाच विचारावर काढलं होतं, की शेजारी शिकवणारा बसलेला आहे आणि त्यालाही संध्याकाळी आपल्या घरी जायचं आहे. लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावलं की हौस फिटेल, असा तिचा अंदाज होता. तिच्या ओळखीतल्या बऱ्याच लोकांच्या पदव्या एकदा भिंतीवर चढल्यावर पुन्हा कधी खाली उतरल्या नव्हत्या.

पण डॉक्टरांचे गुडघे आता त्यांना विमानात चढू देत नव्हते, आणि इतकी वर्षं जपलेली वस्तू ऐऱ्यागैऱ्याच्या हातात द्यायला त्यांचं मन तयार होत नव्हतं. ठमीच्या बाबानं ज्या काळजीनं खुर्चीचा एकेक पट्टा ओढून पाहिला, ते बघूनच म्हणे त्यांनी विमानाचा विषय काढला. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी ठमीच्या आईची सूचनाच होती, आणि ही गोष्ट पुढं तिला अनेकदा ऐकवण्यात आली.

"नको," ती म्हणाली.

यात विशेष काही नव्हतं. कुठल्याही नव्या गोष्टीला तिच्या तोंडून पहिल्यांदा ‘नको’च येई. या देशात यायला ती नको म्हणाली होती. हे घर घ्यायला नको म्हणाली होती. ठमीच्या बाबानं लग्नाचं विचारलं तेव्हाही तिनं आधी नकोच म्हटलं होतं, आणि चहा पिऊन झाल्यावर तारीख विचारली होती. बाई शिकलेली होती, संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. मोटारीपेक्षा विमान सुरक्षित हे तिनं स्वतः परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण तिच्या पोटाला संख्याशास्त्र येत नव्हतं. ती द्राक्षाचे चार तुकडे करून मुलीला देणारी आई होती. घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघून यायची, जिन्यात पोचल्यावर पुन्हा वर जायची, आणि खाली आल्यावर नवऱ्याला विचारायची, "मी बंद केलं ना?"

ठमीनं हा गुण आईकडून उचलला होता. दीड वर्षाच्या या मुलीचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बाबा’ तर नव्हताच. ‘नको’ होता. आणि दुसरा शब्द अजून यायचा होता. केळं पुढं केलं की ठमी "नको" म्हणायची आणि तोंड उघडायची. अंघोळीला "नको" म्हणून स्वतःच टबात पाय टाकायची. नकोचा आणि नकाराचा तिच्या डोक्यात काही संबंध नव्हता. कुणी आपल्याशी बोललं की आपण द्यायचं ते उत्तर, एवढंच तिला माहीत होतं.

*

विमान विकत घेणं सोपं निघालं; नावावर झाल्यावर पैसे द्या, असं डॉक्टर म्हणाले. अडचण ते आपल्या नावावर करण्यात होती.

विमान नोंदणी कार्यालय म्हणजे एक लांब खोली, तिच्या एका टोकाला काउंटर, आणि काउंटरमागं एक उंच, सडपातळ अधिकारी. पेन्सिलींना टोक करून त्या उंचीप्रमाणे लावून ठेवायची त्याची पद्धत होती. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर निदान घरी येऊन त्याच्यावर चिडता आलं असतं. तो अतिशय नम्र होता आणि त्याचं नियमांवर मनापासून प्रेम होतं.

"तुम्ही इथं राहता, इथं नोकरी करता, कर वेळेवर भरता. फार चांगली गोष्ट आहे," तो म्हणाला. "पण विमान नोंदवायला इथलं नागरिक असावं लागतं."

"माझी मोटार माझ्याच नावावर आहे," ठमीचा बाबा म्हणाला.

"मोटारीला पंख नसतात," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "परदेशी रहिवाशाची वस्तू एक दिवस उडून परदेशी गेली, तर आम्ही विचारायचं कुणाला?"

ठमीचा बाबा फाइल मिटून घरी आला. फाइल मिटायची त्याला सवय होती. बँकेत, घरमालकाकडे, टेलिफोनच्या दुकानात, जिथं जाईल तिथं त्याची कागदपत्रं बरोबर असायची आणि खिडकी चुकीची असायची. ठमीच्या आईनं त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे रे. कायद्यापुढं आपण काय करणार?" असं ती म्हणाली. इतक्या मनापासून तिनं त्याचं सांत्वन यापूर्वी कधी केलं नव्हतं. स्वयंपाकघरात गेल्यावर ती चक्क गुणगुणत होती. एक परका देश आणि त्याचं आख्खं सरकार तिच्या नवऱ्याला जमिनीवर ठेवण्यासाठी कामाला लागलं होतं. या देशात आल्यापासून तिला पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

हा आपलेपणा रविवारपर्यंत टिकला. रविवारी वरच्या मजल्यावरचे काका-काकू आले.

काकांना या देशात येऊन जमाना झाला होता आणि इथली प्रत्येक गोष्ट त्यांच्यानंतर सुरू झाली होती. "आम्ही आलो तेव्हा त्या ऑफिसात रांगसुद्धा नव्हती," ते म्हणाले. "रांग आम्ही लावली. तुम्ही असं करा, एक कंपनी काढा. कंपनी नागरिक धरतात. कंपनीला विमान घ्या आणि तुम्ही कंपनीत नोकरीला लागा."

"स्वतःच्या विमानावर नोकरीला?" ठमीच्या बाबानं विचारलं.

"रजा मागायची सोय नाही, एवढाच तोटा," काका म्हणाले. "नाहीतर ट्रस्ट करा. माझ्या ओळखीच्या एकानं घोड्यासाठी केला होता. घोडा गेला. ट्रस्ट अजून आहे."

"त्यापेक्षा बोट घ्या," काकू म्हणाल्या. "बोट बरी. ती आधीच खाली असते." त्यांनी ठमीला मांडीवर घेतलं होतं आणि तिचं नाक पुसत होत्या. "आणि तुम्ही मोठी माणसं उगाच कसले नागरिक शोधत बसलात? तुमच्या घरात नागरिक म्हणजे एकच, ही माझी शेंबडी बाई. इथल्याच हॉस्पिटलात झालेली."

काकू हे गमतीनं बोलल्या. पण ठमीच्या बाबानं हळूच कप खाली ठेवला. काकांनी चष्मा काढला. आणि मग दोघंही पुरुष ठमीकडं असे बघायला लागले, की ठमीच्या आईनं उठून तिला आपल्याकडे घेतलं.

*

सोमवारी अधिकाऱ्यानं नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ ते आनंदानं वाचलं. मालक जन्मानं नागरिक असला पाहिजे, हे तिथं होतं. मालकाला चालता आलं पाहिजे, असं कुठंच नव्हतं.

"मात्र अज्ञान, म्हणजे लहान वयाच्या, मालकाला पालक लागेल," तो म्हणाला. "आणि जो विमान चालवणार तो पालक नसावा. वापरणारा आणि राखणारा एकच असून कसं चालेल? तेव्हा पालक म्हणून मॅडम सही करतील."

"नको," ठमीची आई म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात एक विचार चमकला. ती काउंटरवर जरा वाकून, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "पालक म्हणून मी एखादी अट घालू शकते?"

"मालकाच्या हिताची कुठलीही."

"मग लिहा. मी स्वतः आत बसलेली असल्याशिवाय हे विमान उडणार नाही."

अधिकाऱ्यानं तिच्याकडे आदरानं पाहिलं. इतकी जबाबदार पालक त्याच्या काउंटरवर कधी आली नव्हती. ठमीच्या आईनं झोकात सही ठोकली. उंचावरची नुसती बाल्कनी दिसली तरी जी दोन पावलं मागं सरते, ती विमानात बसणं शक्यच नव्हतं. म्हणजे विमान नवऱ्याचं झालं, भांडण टळलं, आणि चाकं कायमची जमिनीवर राहिली. घरी येताना तिनं त्याच्यासाठी त्याच्या आवडीचा केकही घेतला.

त्यानंतरचे दिवस ठमीच्या आईला आठवले की अजून घाम फुटतो.

आधी फोटो. मालकाचा चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड बंद, तोंडात काही नको. ठमीचं तोंड फक्त तोंडात काही असतानाच बंद असे. फोटोवाल्यानं दुपारभर कोंबड्याचा आवाज काढला, शेवटी घसा बसल्यावर तो खिन्नपणे गप्प झाला, आणि त्याच्या त्या उतरलेल्या चेहऱ्याकडं ठमी अवाक होऊन बघत असताना फोटो निघाला. मग अंगठ्याचा ठसा. ठसा कागदावर कमी आणि ठमीच्या जिभेवर जास्त उमटला. शाई विषारी नाही हे सांगायला डॉक्टर शोधावे लागले, आणि त्यांनी जीभ बघून विचारलं, "हे कशानं झालं?" ठमीच्या आईनं एका दमात सांगून टाकलं, "विमान घेतलं तिनं." डॉक्टरांनी पुढचे सगळे प्रश्न मुलीचे सोडून आईचे विचारले. झोप लागते का, जेवण नीट जातं का, घरात बोलायला कुणी आहे का.

मग विमा कंपनीचा फोन आला. वेळ दुपारची होती.

"विमानाच्या मालकांशी बोलायचं होतं," पलीकडची बाई म्हणाली.

"मालकीणबाई झोपल्या आहेत," ठमीची आई म्हणाली.

"तुम्ही त्यांच्या सेक्रेटरी का?"

पदवीधर बाईच्या मानी मनाला हे लागलं. पण घरातली कामांची वाटणी डोळ्यांपुढं आणली तर नाही म्हणायला जागा नव्हती. "तसंच समजा," ती म्हणाली.

"मालकीणबाईंचा व्यवसाय काय?"

"सध्या काही करत नाहीत."

"वाहन चालवण्याचा अनुभव?"

"ढकलतात."

"गेल्या वर्षभरात कुठला अपघात, पडझड?"

"रोजच," ठमीची आई प्रामाणिकपणे म्हणाली. "काल टेबलावर आपटल्या."

"मद्यपान वगैरे?"

"बाटली आहे. पण फक्त झोपताना."

विम्याचा हप्ता वाढून आला.

रविवारी ठमीच्या आजीचा, म्हणजे सासूबाईंचा, दूरदेशातून फोन आला. "स्वतःचं विमान? मग या वेळी येताना त्यातूनच या. तिकिटांचा खर्च तरी वाचेल."

"आई, ते एवढं लांब नाही जात," ठमीचा बाबा म्हणाला. " वाटेत पाच-पन्नास ठिकाणी उतरावं लागेल."

"मग काय झालं? तेवढंच पाय मोकळे होतील. आणि नवीन आहे म्हणून सांग सगळ्यांना. जुनं कशाला सांगायचं? मी शेजारी सांगून बसलेय की माझ्या नातीनं विमान घेतलं. म्हातारीला भ्रम झाला म्हणून ते येऊन मला बघून गेले."

*

एवढं सगळं झाल्यावर, नोंदणी आता होणार असं वाटत असताना, एका पक्ष्यानं विमानाच्या इंजिनात घरटं केलं.

विमानतळ छोटासाच होता. एक धावपट्टी, पत्र्याच्या चार शेडी, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी. तिथं पाय ठेवणाऱ्या प्रत्येक मालकानं चमकणारं जाकीट घालायचं असा नियम होता. सगळ्यात लहान मापाचं जाकीट घातल्यावर ठमी दिसेनाशी झाली. एक झगझगीत पिशवी आपल्या पायांनी चालतेय आणि "नको, नको" म्हणतेय, एवढंच लोकांना दिसायचं. घरट्यात अंडी होती, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत घरट्याला कुणी हात लावायचा नाही, असाही एक नियम निघाला.

"काढून टाकता येणार नाही का?" ठमीच्या बाबानं अधिकाऱ्याला फोन करून विचारलं.

"ती पिल्लं इथंच जन्मणार आहेत," अधिकारी म्हणाला.

म्हणजे तीही नागरिक. त्या विमानाच्या आसपास परके असे आपण दोघंच, ठमीच्या आईच्या मनात आलं.

तरी दर शनिवारी तो ठमीला घेऊन तिथं जायचा. उडता येत नाही म्हणून काय झालं, पुसता तर येतं. एका शनिवारी ठमीची टोपी राहिली म्हणून ठमीची आई मागोमाग गेली. शेडमध्ये विमान उभं होतं, पांढरं, निळा पट्टा ओढलेलं, तिच्या कल्पनेपेक्षा कितीतरी छोटं. दार उघडं होतं. आत ठमीचा बाबा बसला होता आणि मांडीवर ती झगझगीत पिशवी. इंजिन तो तोंडानंच चालवत होता.

"आता डावीकडे वळायचं हं," तो सांगत होता. "खाली बघ ठमे. ते दिसतंय ना ठिपक्याएवढं, ती बाबाची बँक. आणि त्या पलीकडे ते ऑफिस. तिथं बाबाला सांगतात, ही तुमची खिडकी नाही, पलीकडच्या खिडकीत जा. बघ, इथून दिसतेय का कुठली खिडकी?"

"नको," ठमी म्हणाली.

"नाहीच दिसत," तो म्हणाला, आणि पुन्हा इंजिनाचा आवाज काढायला लागला.

ठमीची आई टोपी हातात घेऊन पत्र्याच्या भिंतीआड उभी राहिली. आत जाऊन टोपी घालावी की नाही, हे तिला ठरवता येईना. वारा होता, मुलीचे कान उघडे होते. तरीही ती बाहेरच थांबली. द्राक्षाचे चार तुकडे करणाऱ्या बाईनं वाऱ्यात उघड्या कानांकडे दुर्लक्ष करावं, ही साधी गोष्ट नव्हती. तिची तिलाच काळजी वाटली.

*

पिल्लं उडाली आणि शेवटची तपासणी ठरली. अधिकारी स्वतः विमानतळावर आला, टोक केलेल्या पेन्सिली खिशात घालून. दातांचे डॉक्टर काठी टेकत आले. त्यांच्याबरोबर टाय लावलेला एक गृहस्थ होता. जन्मानं नागरिक, वयानं सज्ञान. डॉक्टरांनी अवघडून सांगितलं, "मी फार दिवस थांबलो. आज तुमचं जमलं तर आनंदच आहे. नाही जमलं तर हे गृहस्थ विमान आजच नेतील." टायवाल्यानं विमानाला एक फेरी मारली आणि जाता जाता चाकाला बुटानं हलकीच ठोकर मारली. ठमीच्या बाबानं वाकून तिथली धूळ रुमालानं पुसली.

काका-काकूही आले होते. असल्या प्रसंगाला आपण नसलो तर तो नीट होत नाही, असं काकांचं मत होतं.

अधिकाऱ्यानं इंजिन पाहिलं, पंख पाहिले, जाकीट पाहिलं. मग म्हणाला, "आता मालकाची संमती."

"सगळ्या सह्या मी केल्या आहेत," ठमीची आई म्हणाली.

"सह्या पालकाच्या. संमती मालकाची. मालकाला समक्ष, त्याला समजणाऱ्या भाषेत विचारायचं, असं पुस्तकात आहे."

"दीड वर्षाची आहे हो ती."

"पुस्तकात वय दिलेलं नाही," अधिकारी म्हणाला. "तिला कुठली भाषा समजते?"

"मराठी. घरात आम्ही तेवढी एकच बोलतो."

"मी सांगितलं होतं, इथली भाषा बोलत जा म्हणून," काका पुटपुटले. "नंतर शाळेत अडतं."

"शाळेत नाही, विमानात अडलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही जरा गप्प बसा."

अधिकाऱ्यानं दुभाष्यांची यादी चाळली. मराठीचा दुभाषी त्यांच्या खात्यात नव्हता. काका पुढं झाले, पण पुस्तकाप्रमाणे बाहेरचा दुभाषी मालकाच्या नात्यातला हवा होता. बाबा विमान चालवणार, म्हणजे तो बाद. उरली ठमीची आई. तिला हात वर करून शपथ घ्यावी लागली, की मालकाच्या तोंडून जे येईल ते जसंच्या तसं सांगेन, पदरचा एक शब्दही घालणार नाही.

"प्रश्न कसा विचारू?" तिनं विचारलं.

"तुमच्या भाषेत सहज जसा येईल तसा. विमान ठेवायचं का, असं विचारा. नाहीतर परत द्यायचं का, असं विचारा," अधिकारी म्हणाला. "कुठूनही विचारलं तरी उत्तर एकच येईल."

आणि तेव्हा ठमीच्या आईच्या लक्षात आलं, की कुठूनही विचारलं तरी उत्तर खरोखरच एकच येणार आहे.

ठमी पंखावर बसली होती, जाकिटातून नुसतं डोकं बाहेर. हे विमान तुला हवं का, असं विचारलं की संपलं. खोटं बोलायला नको, भांडायला नको, शपथ मोडायला नको. टायवाला गृहस्थ विमान घेऊन जाईल, आणि तिच्या उरलेल्या सगळ्या शनिवारी नवरा दोन पायांवर, घरात, डोळ्यांसमोर असेल. पुन्हा यात आपला हात आहे असं कुणी म्हणणार नाही. मुलगीच नको म्हणाली, त्याला आई काय करणार?

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ठमीला तो तिच्याइतकाच ओळखत होता. प्रश्नात काय आहे ते त्यालाही कळलं होतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. त्यानं विनवणी केली असती, नुसती भुवई जरी उडवली असती, तरी तिचं काम सोपं झालं असतं. त्यानं तसं काही केलं नाही. तो फाइल उघडी धरून उभा होता, आणि तिच्या देखत त्यानं ती हळूहळू मिटायला घेतली.

"ठमे," ती म्हणाली. "हे विमान आपण आजोबांना परत देऊन टाकूया?"

"नको," ठमी खणखणीत म्हणाली.

"काय म्हणाले मालक?" अधिकाऱ्यानं पेन्सिल टेकवली.

"परत द्यायचं नाही म्हणतात."

"नक्की?"

"नेहमी म्हणतात तसंच म्हणाल्या," ठमीची आई म्हणाली. शपथेप्रमाणे हे अक्षरशः खरं होतं.

अधिकाऱ्यानं नोंद केली आणि शिक्का मारला. डॉक्टरांनी ठमीचा हात हातात घेऊन हलवला, मग सवयीनं तिचे दात बघितले आणि वरचा सुळा येऊ घातला आहे असं सांगितलं. टायवाला गृहस्थ निघून गेला. काका प्रत्येकाला सांगत होते की कंपनी काढली असती तर हे सगळं पोरीवर आलं नसतं. ठमीचा बाबा पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत होता.

मग अधिकारी परत वळला. "एक राहिलंच. मॅडमची अट. पालक आत बसल्याशिवाय विमान उडणार नाही. पहिलं उड्डाण माझ्यासमोर व्हायला हवं. हवा छान आहे."

ठमीची आई ही अट पार विसरून गेली होती. काकूंनी तिच्याकडं पाहिलं. "तूच घातलीस अशी अट?" त्या म्हणाल्या. "माझ्या बाई, आमच्यासारखी बोट घेतली असतीस तर किनाऱ्यावरून हात तरी हलवला असतास." त्यांनी बोट कधी घेतली होती, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

तिनं विमानाभोवती एक फेरी मारली. इंधनाचं झाकण फिरवून पाहिलं. मागच्या सीटवर ती जुनी, चांगल्या घरातली खुर्ची बसवली होती. तिचा एकेक पट्टा ओढून पाहिला. दुसरी फेरी मारली. झाकण पुन्हा फिरवून पाहिलं. ठमीचे कान टोपीत नीट झाकले, तिला खुर्चीत बांधलं, आणि नवऱ्याला विचारलं, "ते झाकण मी बंद केलं ना?"

"केलंस," तो आतून म्हणाला. "दोन्ही वेळा." मग त्यानं शेजारच्या सीटवरची फाइल उचलून मागं टाकली. "ये. बसतेस?"

"नको," ठमीची आई म्हणाली, आणि पंखावर पाय ठेवला.